चिठ्ठी हाय का? : कोल्हापुरात नव्याने आलात तर आपलं मेडिकल असं शोधा

कोल्हापुरात नवीन आलेला माणूस पहिल्यांदा मेडिकलची पायरी चढतो ती बहुतेक वेळा पित्ताच्या गोळीसाठी. शनिवारी रात्री तांबडा-पांढरा, रविवारी सकाळी मिसळ, आणि दुपारी बाराच्या सुमाराला छातीत जाळ. आमच्या वरच्या दोन खोल्यांत गेली १४ वर्षं भाडेकरू राहतात. कुणी शिवाजी विद्यापीठात शिकायला आलेलं, कुणी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत नोकरीला लागलेलं. पाणी किती वाजता येतं, दूध कुणाकडून घ्यायचं, डबा कुठं लावायचा, हे सगळे पहिल्याच दिवशी विचारतात. मेडिकल कुठलं चांगलं, हे मात्र अजून एकानेही पहिल्या आठवड्यात विचारलेलं नाही. तो प्रश्न येतो रात्री साडेअकराला, जिन्यात उभं राहून, अंगात १०२ ताप असताना.

मीही मूळची सोलापूरची. लग्न होऊन इथं आले तेव्हा घरात मधुमेह असलेले सासरे होते, पुढे मुलं झाली, म्हणजे महिन्यातून चार-पाच फेऱ्या ठरलेल्याच. त्या फेऱ्यांत जे शिकले ते इथं क्रमाने सांगते. एक गोष्ट आधीच सांगून टाकते: दुकानं ढिगाने आहेत, त्यांची चिंता नको. गाठायचा आहे तो काउंटरमागे बसून चिठ्ठी नीट वाचणारा माणूस, आणि तोही आपण धडधाकट असताना. ताप चढल्यावर माणूस पारखता येत नाही, उघडं शटर दिसलं की तिथं शिरतो.

आधी पायी एक चक्कर

घर घेतल्यावर पहिल्या रविवारी संध्याकाळी गल्लीतून पायी एक चक्कर मारा. फोनवरच्या नकाशात दिसतात ती सगळी मेडिकल नसतात आणि असतात ती सगळी दिसत नाहीत. राजारामपुरीत राहत असाल तर गल्ल्यांना नंबर आहेत, दवाखाने आणि मेडिकल यांची इतकी दाटी आहे की पाच मिनिटांत सहा पाट्या दिसतील. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शाहूपुरी इथंही तोटा नाही. पाचगाव, आर. के. नगर, कळंबा, फुलेवाडी, उचगाव अशा कडेच्या वस्तीत मात्र दुकानं विरळ होत जातात आणि रात्री लवकर मिटतात. तिथं राहणाऱ्यांनी ही चक्कर अजिबात टाळू नये.

चकरेत तीन गोष्टी बघून ठेवा: सकाळी किती वाजता उघडतं, दुपारी बंद असतं का, आणि आठवड्याची सुट्टी कधी. दुपारच्या वामकुक्षीवर या शहराची श्रद्धा आहे. घरगुती मेडिकल दीड-दोनला शटर अर्ध्यावर आणतात ते चार-साडेचारला उघडतात. पुण्या-मुंबईहून आलेल्यांना याचा राग येतो. मला आधी यायचा, आता मीही दुपारी झोपते.

डॉक्टरांच्या दवाखान्याला चिकटून असलेलं मेडिकल आणि आपलं मेडिकल ही दोन वेगळी समजा. दवाखान्याखालच्या दुकानात त्या डॉक्टरांची नेहमीची औषधं हटकून मिळतात, आणि कित्येकदा तीच औषधं फक्त तिथंच मिळतात. ताप-खोकल्याच्या एका वेळेपुरतं ते सोयीचं आहे. पण रोजच्या गोळ्या चालू असतील, घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल, तर घरापासून चालत जाता येईल असं एक ठरलेलं दुकान हवंच. तुमच्या हाडाच्या डॉक्टरांनी काय दिलंय आणि हृदयाच्या डॉक्टरांनी काय दिलंय हे एकत्र बघणारा माणूस तेवढा एकच असतो. दोन्ही डॉक्टरांची एकमेकांशी गाठ कधी पडत नाही, चिठ्ठ्या मात्र दोघांच्याही त्याच काउंटरवर येतात.

मोठ्या हॉस्पिटलात कुणी दाखल झालं तर आतल्याच मेडिकलमधून औषध घ्यायची सक्ती नसते. तसा ठळक फलक लावायला २०२५ मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने सांगितलेलं आहे. फलक दिसला नाही तरी विचारायला लाजू नका. अर्थात मध्यरात्री अतिदक्षता विभागातून इंजेक्शनची चिठ्ठी आली तर दोन रुपये वाचवायला गावभर फिरण्यात शहाणपणा नाही.

पाटी वाचा, मग माणूस बघा

दुकानात भिंतीवर काचेच्या चौकटीत परवाने लावलेले असतात. किरकोळ औषधविक्रीचे परवाने नमुना २० आणि नमुना २१ मध्ये असतात आणि ते दिसतील असे लावणं दुकानदाराला बंधनकारक आहे. शेजारी बहुधा फार्मासिस्टच्या नोंदणीचं प्रमाणपत्रही असतं, महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलचं, फोटोसकट. त्या फोटोतला माणूस आणि काउंटरवरचा माणूस एकच आहे का, एवढं बघा. कधी कधी फोटोतले गृहस्थ तुम्हाला वर्षभरात एकदाही दिसत नाहीत.

यात मुद्दा असा की कायद्याप्रमाणे चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच, किंवा त्याच्या देखरेखीखाली द्यायचं असतं. २०१५ च्या नियमावलीने त्यांना पांढरा कोट आणि नावाचा बिल्लाही सांगितलाय. कोट मला इथं फार थोड्या ठिकाणी दिसला, उन्हाळ्यात तर नाहीच. कोटावरून मी कुणाला नापास करत नाही. पण मालक बाहेर गेलेत, फार्मासिस्ट ‘आत्ता येतील’, आणि दहावी झालेला मुलगा चिठ्ठी उलटीसुलटी करून गोळ्या कापतोय, असं दोनदा दिसलं तर तिसऱ्यांदा मी जात नाही. तो पोरगा वाईट नसतो. त्याला ते काम द्यायला नको होतं, एवढंच.

फ्रीजकडेही नजर टाका. इन्सुलिन, काही लसी, डोळ्यांचे काही थेंब २ ते ८ अंशांत ठेवावे लागतात. फ्रीजमध्ये थंड पाण्याच्या बाटल्या आणि डबा दिसला तर समजायचं ते समजा. वीज गेल्यावर काय करता, असं सरळ विचारलं तरी चालतं. ज्याच्याकडे इन्व्हर्टर आहे तो अभिमानाने दाखवतो.

पहिली खरेदी साधी असू दे

पहिल्या खेपेला थर्मामीटर, पट्ट्या, ओआरएसच्या पुड्या आणि पॅरासिटामॉलचं एक पाकीट घ्या. घरात हे लागतंच, आणि घेता घेता माणूस कळतो. ओआरएस मागितल्यावर तो काय पुढं करतो ते बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी वेगळी आणि फळांच्या चवीचं गोड पेय वेगळं. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने तसल्या पेयांना ओआरएस हे नाव लावायलाच मनाई केली. जुलाब लागलेल्या पोराला जादा साखरेचं पाणी पाजलं तर जुलाब वाढतात. पुडी द्या म्हणायचं, आणि पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ती सगळी एकदम घालायची. मोठी पुडी एक लिटरला असते. अर्धी पुडी ग्लासभर पाण्यात, असला अंदाजपंचे कारभार करायचा नाही.

आता कान द्या. चांगला फार्मासिस्ट गोळी देण्याआधी विचारतो. आमचे काका (दुकानाचं नाव सांगत नाही, उगाच जाहिरात नको) कुणी काहीही मागितलं तरी चष्मा कपाळावर नेऊन एकच सुरू करतात: “कुणासाठी हाय? वय किती? आणि काय चालू हाय?” नव्या माणसाला ही चौकशी आगाऊपणा वाटते. गल्लीतल्या बाया तर म्हणतात, गोळी मागायला गेलं की जन्मपत्रिका मागतोय. पण अंगदुखीची गोळी मागणाऱ्या आजींना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे त्या चौकशीतूनच बाहेर येतं. ब्लडप्रेशर, किडनी, दमा, पोटात बाळ आहे का, अंगावर पाजताय का, यांतलं काही असेल तर विचारायच्या आधीच सांगा. कुठल्या औषधाने पूर्वी अंगावर पुरळ आलं असेल तर तेही. सल्फाची गोळी सोसत नाही असं माझ्या आधार कार्डाच्या पाकिटात चिठ्ठीवर लिहिलेलं आहे.

इथं हाक मारायची पद्धतही लक्षात ठेवा. वयस्कर असतील तर काका, तरुण असेल तर दादा, बाई असतील तर ताई किंवा मॅडम. ‘ओ भाई’ किंवा ‘बॉस’ म्हटलंत तर औषध मिळेल, जिव्हाळा मिळणार नाही. बोलणं रांगडं वाटेल, तो राग नसतो.

‘मिळणार न्हाई’ हे ऐकलं की खूश व्हा

माणूस पारखायची माझी एकच खूण आहे: तो नाही कशाला म्हणतो.

चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मागून बघा असं मी सांगणार नाही, पण तुमच्या आधी रांगेत उभा असलेला कुणीतरी ते मागणारच. “दोन सेफिक्झिम द्या, घसा धरलाय.” इथं काउंटरमागचा माणूस काय करतो ते पाहा. चिठ्ठीचे नियम सोपे आहेत. शेड्यूल एच मधली औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायची. त्यातून काढलेली जास्त कडक यादी एच-१, मार्च २०१४ पासून लागू. सेफिक्झिमसारखी काही अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या, झोपेच्या अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, हे सगळं त्यात. एच-१ चं औषध देताना डॉक्टरांचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि नग अशी वहीत नोंद करावी लागते आणि ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. त्यामुळे दुकानदार नाव-पत्ता विचारू लागला तर बिचकू नका, तो त्याचं काम करतोय. पाकिटावर लाल चौकटीत सूचना किंवा उभी लाल रेघ दिसली की समजायचं, हे आपल्या मनाने घ्यायचं औषध नव्हे.

आणखी दोन ठिकाणी ‘नाही’ ऐकायला मिळालं पाहिजे. एक, लहान मुलांचं सर्दी-खोकल्याचं पातळ औषध. क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेली औषधं चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नयेत, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरमध्ये सांगितलेलं आहे. दोन वर्षांच्या बाळासाठी बाटली मागितली आणि समोरच्याने वय न विचारता काढून दिली, तर बाटली तिथंच ठेवून बालरोगतज्ज्ञांकडे जा.

दुसरं, नायटा. इथला पावसाळा जूनपासून चार महिने कपडे वाळू देत नाही. वसतिगृहातल्या पोरांना, तालमीत लाल मातीत घाम गाळणाऱ्यांना, बुटात दहा तास पाय कोंडून एमआयडीसीत उभं राहणाऱ्यांना जांघेत, काखेत, बोटांच्या बेचक्यात नायटा धरतो. मग मेडिकलमध्ये जाऊन ‘एक ट्यूब द्या’. तीन औषधं मिसळलेल्या ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, माणूस खूश, आणि पंधरा दिवसांत नायटा ताटाएवढा होऊन परत येतो, वर कातडी पातळ होते ती वेगळीच. स्टिरॉइडची मलमं २०१८ पासून शेड्यूल एच मध्ये आहेत, तरी सर्रास मागितली जातात. आमच्या वरच्या खोलीतल्या एका पोराने तीन महिने अशा ट्यूबा चोळल्या आणि शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन चार महिने उपचार घेतले. ‘डॉक्टरांस्नी दावा आधी’ म्हणून त्याला परत पाठवणारा दुकानदार त्याने आधीच सोडला होता, कारण ‘तो द्यायला नको म्हणतो’.

चिठ्ठी, बिल, पाकीट

हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा, कारण इथं मी स्वतः ठेच खाल्लीय.

आण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, साखरेसाठी ग्लिमेपिराइड १ एमजी चालू होती. नेहमीचं दुकान बंद होतं म्हणून मी वाटेतल्या दुसऱ्या मेडिकलमधून पाकीट आणलं, गर्दीत, पिशवी न उघडता. तिसऱ्या दिवशी रात्री आण्णा अंथरुणात घामाने चिंब, हात थरथरतायत, बोलणं असंबद्ध. साखर मोजली तर ५४, म्हणजे फारच कमी. शुद्धीवर होते म्हणून साखरेचं पाणी पाजता आलं, पंधरा मिनिटांत माणसात आले. मग पाकीट उलटून पाहिलं तर २ एमजी. त्याच कंपनीचं, त्याच रंगाचं, फक्त आकडा वेगळा. दुसऱ्या दिवशी त्या दुकानात गेले तर बिल मागितलं नव्हतं म्हणून बोलायला तोंडच नव्हतं. चूक त्यांची होती, न बघण्याची चूक माझी.

तेव्हापासून काउंटर सोडायच्या आत तीन गोष्टी बघते. चिठ्ठीवरचं नाव आणि पाकिटावरचं नाव. नावापुढचा एमजीचा आकडा. मुदत. पाकिटावर मुदतीचा नुसता महिना आणि वर्ष असेल तर त्या महिन्याच्या अखेरपर्यंत औषध चालतं. सुट्ट्या गोळ्या घेत असाल, म्हणजे दहातल्या चारच, तर बॅच आणि मुदत छापलेला तुकडा आपल्याकडे यायला हवा, नाहीतर ती घरातली बेवारस गोळी होते. दादांना सांगा, ते दुसऱ्या टोकाकडून कापून देतात.

बिल घ्याच. दहा रुपयांचं असलं तरी. चिठ्ठीवरच्या औषधाच्या बिलावर रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव, औषध, बॅच नंबर, मुदत आणि फार्मासिस्टची सही हवी. “बिल पाहिजे काय?” असा प्रश्न इथं सवयीने येतो, त्याला उत्तर एकच: “द्या की.” एमआरपीत सगळे कर धरलेले असतात, वर काही द्यायचं नसतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. जुन्या छापील किमतीचं पाकीट हाती आलं तर बिलात कमी किंमत लागलीय का, तेवढं विचारा.

चिठ्ठीचं अक्षर लागत नसेल तर दुकानदाराने अंदाज करू नये आणि आपण करू देऊ नये. डॉक्टरांना फोन लावून विचारणारा दुकानदार मिळाला तर तो जपा. डॉक्टरांकडेच ‘नाव मोठ्या अक्षरात लिहा’ म्हणायचीही सोय आहे, पण एवढं धाडस सगळ्यांना होत नाही हे मला माहीत आहे. मी चिठ्ठी घेऊन दवाखान्यातल्या सिस्टरकडून प्रत्येक औषधापुढं ‘कशासाठी’ एवढं एका शब्दात लिहून घेते.

कंटेंट तोच, कंपनी वेगळी

हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळणारच. चिठ्ठीवर एक ब्रँड, दुकानात दुसरा, आणि दादा म्हणतात, “कंटेंट तोच हाय, कंपनी वेगळी.” कंटेंट म्हणजे गोळीतलं मूळ औषध. कित्येकदा ते खरं असतं. पण शेड्यूल एच च्या औषधात चिठ्ठीवर ब्रँडचं नाव असेल तर दुकानदाराने परस्पर दुसरा द्यायचा नसतो, डॉक्टरांना विचारावं लागतं. फोनवर विचारून दिलं तर हरकत नाही. फिटच्या गोळ्या, थायरॉईड, वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करायची गोळी, यांत मात्र दर महिन्याला कंपनी बदलत बसू नये. बदललीच तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

पैसे वाचवायचे तर जनऔषधी केंद्र हा मोठा आधार आहे. सरकारची ही योजना २००८ साली सुरू झाली, आता कोल्हापुरातही केंद्रं आहेत. ब्लडप्रेशर, साखर, कोलेस्टेरॉल अशा कायमच्या गोळ्या तिथं ब्रँडच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. आमचा महिन्याचा औषधखर्च तिथं जायला लागल्यापासून एवढा उतरला की आण्णांना आधी शंकाच आली, गोळ्या खऱ्या आहेत ना. त्यांनी महिनाभर रोज साखर मोजून वहीत लिहिली, मग विश्वास बसला. ‘जनऔषधी सुगम’ हे मोबाईल ॲप घेतलं की जवळचं केंद्र आणि औषधाची किंमत दोन्ही दिसतं. हेल्पलाइन १८००-१८०-८०८० आहे. अडचण एकच, हवं ते औषध दर वेळी असेलच असं नाही. म्हणून गोळ्या आठवडाभराच्या उरल्या की फेरी मारा, संपल्यावर नको. आणि चिठ्ठीवर कंटेंटचं नाव लिहून घ्या, नाहीतर तिथला माणूस आणि तुम्ही दोघंही ब्रँडच्या नावाचा अर्थ लावत बसाल.

रात्र, सण आणि पंचगंगा

घराजवळचं मेडिकल रात्री दहा-साडेदहाला बंद होतं. रात्रभर उघडी असतात ती बहुतेक मोठ्या हॉस्पिटलच्या आतली किंवा आजूबाजूची. सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, जुनी माणसं त्याला थोरला दवाखाना म्हणतात, हे सरकारी हॉस्पिटल शहराच्या मध्यावर आहे. रिक्षावाल्याला ‘सीपीआर’ एवढं म्हटलं की पुरे. तुमच्या घरापासून जवळचं रात्रीचं मेडिकल कुठलं, हे एकदा रात्री अकराला स्वतः जाऊन बघा. ‘२४ तास’ ही पाटी आणि २४ तास उघडं शटर यांत फरक असू शकतो.

काही दुखण्यांना मात्र मेडिकल हे ठिकाणच नव्हे. साप चावला तर विषावरचं इंजेक्शन दुकानात शोधत फिरू नका, १०८ ला फोन करा, नाहीतर मिळेल त्या गाडीने थेट सीपीआर गाठा. ऊसपट्ट्यात राहणाऱ्यांनी हे पाठच करावं. कुत्रं चावलं तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि सरकारी दवाखान्यात जा. छातीत दाबल्यासारखं होऊन डाव्या हातात कळ आली तर पित्ताची गोळी मागायला जायचं नाही. मिसळ खाल्ली असली तरी नाही.

सणांचं गणित वेगळं. अनंत चतुर्दशीची मिरवणूक महाद्वार रोडवरून निघाली की दुसऱ्या दिवसापर्यंत संपत नाही आणि त्या पट्ट्यात गाडी आत शिरत नाही. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवती हीच तऱ्हा. मिरजकर तिकटी, पापाची तिकटी, बिंदू चौक या भागात राहत असाल तर रोजच्या गोळ्या सणाच्या आदल्या दिवशीच आणून ठेवा.

आणि पूर. बाहेरून आलेल्यांना हे सांगून खरं वाटत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला, शाहूपुरी-व्हीनस कॉर्नर भागात दुकानांत पाणी शिरलं. औषधाचा माल त्याच रस्त्याने येतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आण्णांच्या इन्सुलिनसाठी मी चार दुकानं पालथी घातली. चौथ्याने आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी बाजूला ठेवलेल्यातली एक दिली, कारण मी त्याची नेहमीची होते. तेव्हापासून जुलै उजाडला की घरात किमान तीन आठवड्यांची औषधं असतातच. काकाही जूनच्या शेवटी फोन करून विचारतात, “वहिनी, आण्णांचं किती दिवसांचं हाय?” इन्सुलिन वापरणाऱ्यांनी वीज जाण्याचीही तयारी ठेवावी. चालू असलेलं पेन किंवा बाटली साधारण चार आठवडे घरात सावलीत चालते, न उघडलेला साठा फ्रीजमध्ये हवा. वीज यायला वेळ लागला तर मातीच्या ओल्या भांड्यातली गार जागा बरी. बर्फाला चिकटवून मात्र ठेवायचं नाही, गोठलं की ते वाया.

सांगायला अवघड वाटतं ते

वसतिगृहातल्या मुली मला हे जिन्यात दबक्या आवाजात विचारतात, म्हणून इथं उघड लिहिते. सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत देण्याची इथं अजून रीत आहे. नको असेल तर तसंच द्या म्हणायचं. गर्भधारणा तपासायची पट्टी आणि लेव्होनॉर्जेस्ट्रेलची तातडीची गोळी चिठ्ठीशिवाय मिळते. ही गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यायची, जितकी लवकर तितकी बरी. महिन्याला चारदा घ्यायची ती नव्हे. गर्भपाताच्या गोळ्या मात्र कुणी चिठ्ठीशिवाय देऊ लागला तरी घ्यायच्या नाहीत, तिथं स्त्रीरोगतज्ज्ञच हवी.

गल्लीतल्या काकांसमोर लाज वाटत असेल तर दोन चौक पलीकडच्या दुकानात जा, त्यात कमीपणा नाही. काही दुकानांत काउंटरवर बाई फार्मासिस्ट असतात, ती दुकानं चकरेत हेरून ठेवा. मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असलेल्यांनाही हेच सांगेन. पण ज्या दुकानातून त्या घ्याल, तिथंच दर महिन्याला घ्या. एच-१ च्या वहीमुळे नव्या ठिकाणी दर वेळी नवी चौकशी होते, आणि गोळी अचानक तुटली तर त्रास तुम्हालाच.

बिनसलं तर

चुकीचं औषध आलं तर आधी दुकानात जा, शांतपणे. इथला माणूस तोंडाने फटकळ असतो, पण चूक दाखवली तर बहुधा बदलून देतो. वाद घालू लागला, मुदत उलटलेलं औषध विकलं, एमआरपीवर पैसे लावले, किंवा बिलच द्यायला नको म्हणाला, तर अन्न व औषध प्रशासनाकडे जायचं. त्यांचा टोल फ्री नंबर १८००-२२२-३६५, आणि औषध विभागाच्या सहायक आयुक्तांचं कार्यालय कोल्हापुरातच आहे. तक्रार करायला बिल, बाहेरचं पाकीट आणि उरलेल्या गोळ्या तिन्ही लागतात. वैतागून यांतलं काही कचऱ्यात टाकू नका, एका पिशवीत घालून वर तारीख लिहून ठेवा.